ब्रेकवर कुणाचा पाय

"बाई, ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवू नका." त्या एका वर्षी हे वाक्य मला किती पुरुषांनी ऐकवलं याची मोजदाद मी सोडून दिली होती. मंडईतल्या कांदेवाल्याने ऐकवलं, चौकातल्या हवालदाराने ऐकवलं, आमच्या शाळेच्या शिपायाने ऐकवलं. शिपायाला तर सायकलसुद्धा येत नव्हती. पण गाडी बाईची आणि चाकांतून धूर येतोय म्हटल्यावर निदान करायला शिक्षण लागत नाही, मिशा पुरतात.

मी जन्माने पुण्यातल्या कसबा पेठेतली. शाळा, बाजार, देऊळ, सगळं पायी. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि ती नोकरी लग्नानंतरही करणार, एवढी एकच अट घालून मी लग्न केलं. सासर पुण्याच्या पूर्वेला, बागायतदारांच्या घरात. आज तिथे महापालिकेचे दिवे आणि दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत, पण सत्तरच्या दशकात ते खेडं होतं. एसटी दिवसातून दोनदा यायची, आणि दोन्ही वेळा शाळेच्या वेळेशी तिचं वाकडं होतं. पहिलं वर्ष मी कधी दुधाच्या टेम्पोतून तर कधी भाजीच्या ट्रकमधून गेले. मग मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणली. गाडीचं वय माझ्याहून थोडंसंच कमी होतं.

श्रेय ज्याचं त्याला द्यायलाच हवं. ती जीप चालवायला मला मामंजींनीच शिकवलं. शेतातल्या गाडीवाटेवर, उसाच्या दोन फडांमधून, "क्लच सोड, सोड, अगं हळू सोड" असं ओरडत त्यांनी आठ दिवसांत मला तयार केलं. माझी उंची जेमतेम चार फूट अकरा इंच, म्हणून पाठीशी टेकायला त्यांनीच जुन्या गादीची उशी शिवून घेतली. मी पहिल्यांदा एकटी पुण्याला जाऊन आले तेव्हा पारावर बसून ते सगळ्यांना सांगत होते, "आमची सून जीप चालिवती. हाय का कुनाची?" मला तेव्हा हा माणूस मनापासून आवडला होता. पुढचा राग त्यामुळेच इतका मोठा झाला.

आषाढात कधीतरी गाडी जड लागायला लागली. उतारावर न्यूट्रल केली तरी पुढे सरकेना. दोन-तीन मैल गेलं की पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास यायचा. शाळेत पोचल्यावर मी चाकाच्या ड्रमवर पाण्याचा हबका मारला, तर तापलेल्या तव्यावर मारल्यासारखं चर्र झालं. घरी सांगितलं. मामंजी जेवत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितलं, "ब्रेकावर पाय ठिवायची सवय लागलीया तिला. काढाय सांग." मी समोर वाढत उभी होते, आणि निरोप मात्र नवऱ्यामार्फत.

आधी मला खरंच वाटलं, असेल माझीच चूक. बाईला असं वाटायला फार काही लागत नाही. मी आठवडाभर स्वतःच्या पायावर पहारा ठेवला. चप्पल काढून अनवाणी चालवली, म्हणजे पाय कशाला लागतोय ते कळावं. पाय ब्रेकवर नव्हता. ड्रम तापतच होते.

मग श्रावणातल्या एका सकाळी मंडईपाशी जीप थांबली ती थांबलीच. इंजिन चालू, गियर पडतोय, पण पुढची चाकं जागची हलेनात. मागे हातगाड्या, टांगे, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. ढकलायला आठ जण आले आणि सल्ला द्यायला ऐंशी. "पाय काढा हो ब्रेकवरचा!" एकाने ओरडून सांगितलं. मी खाली उतरून जीपपासून चार हात लांब उभी होते. तिथून माझा पाय ब्रेकपर्यंत पोचला असता तर मी शाळेत नाही, सर्कशीत नोकरी केली असती, असं मी त्याला सांगितलं. लोक हसले. मी हसले नाही. पाऊण तासाने ड्रम गार झाले आणि काही न करता गाडी आपोआप मोकळी झाली. शाळेत पहिले दोन तास बुडाले होते. मुख्याध्यापिका बाईंनी मस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आपण राहायला शहरात का येत नाही?" जणू काही घर खिशात घालून फिरता येतं.

मामंजींनी गाडी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे पाठवली. त्याने ब्रेकचे लायनर बदलले. आठ दिवसांत पुन्हा तोच वास. त्याने लायनर घासून दिले. पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोन्ही वेळा त्याने मामंजींना एकच निरोप दिला, "बाईंना सांगा, पाय..." पुढचं लिहीत नाही, हात शिवशिवतात.

भाद्रपद संपता संपता मामंजींनी निकाल दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर जीप मला मिळणार नाही. एसटीने जमत असेल तर नोकरी करायची, नाहीतर सोडायची. एसटीने जमत नाही हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. म्हणजे नोकरी सोडायची. नवरा म्हणाला, "अगं, आबांचं म्हणणं काही अगदीच चूक नाही. जुनी गाडी आहे, उगाच कुठे काही झालं तर?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि पुन्हा भाकरीवर हात फिरवायला लागल्या. मला वाटलं, त्यांनाही वाटतंय की मी नालायक आहे.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मुलींना मी रोज फळ्यावर लिहून देत होते: निरीक्षण, प्रयोग, अनुमान. आणि माझ्या स्वतःच्या आयुष्याचा निकाल निरीक्षणावाचून, प्रयोगावाचून लागला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

रविवारी मी नवऱ्याला हाताला धरून जीपमध्ये बसवलं. त्या लष्करी जीपला डॅशबोर्डवर एक खुंटी होती, ती हाताने ओढली की ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग वाढायचा. मी खुंटी ओढली, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि उजवा पाय वर उचलून सीटवर मांडी घालून बसले. "बघा," म्हटलं, "माझा पाय कुठे आहे ते नीट बघा. घरी साक्ष द्यायची आहे." तशीच मी कॅनॉलपर्यंत जीप नेली. तिथे इंजिन बंद केलं, गाडी जागेवरच गपकन थांबली. "आता ड्रमला हात लावा." त्याने लावला आणि बोट तोंडात घातलं. फोड आला. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

"खरंच की गं. तुझा पाय नव्हताच," तो म्हणाला. मग बोट फुंकत म्हणाला, "पण आबांना हे सांगायचं कसं?"

त्याला तिथेच कॅनॉलवर सोडून मी तशीच पुण्याला निघाले. वाटेत दोनदा थांबून ड्रम गार होऊ दिले आणि नाना पेठेतल्या एका मिस्त्रींच्या दारात जीप उभी केली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे ते आजोबा. घराणं चार पिढ्यांपासून पेठेत, आणि लष्करी गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. रविवारी दुकान अर्धं उघडं होतं. मी उतरताच सांगितलं, "आधी एक सांगते. ब्रेकवर पाय ठेवता का, असं विचारणार असाल तर मी परत जाते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी अजून सलामसुद्धा केला नाही, बाई. काय शिकवता आपण?"

"विज्ञान."

"मग स्टूल घेऊन इथे बसा. तुमच्यासमोर करतो."

त्यांनी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि हाताने फिरवायला गेले. हलेनात. "दोन्ही सारखीच धरलीत. एकच चाक धरलं असतं तर रोग चाकात. दोन्ही धरली म्हणजे रोग वर कुठेतरी आहे. लायनर कुणी बदलले?" मी सांगितलं. "त्याला माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले.

मग त्यांनी एका चाकामागचा तेल सोडायचा निपल सैल केला. ब्रेकचं तेल चिळकांडीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं. बोटाने ढकललं तरी फिरत राहिलं. "म्हणजे पाय काढल्यावरही तेलाचा दाब आत अडकून राहतोय. आता कुठे अडकतोय ते बघू. नळीत, की वर पेडलचा रॉड जिथे दाबतो त्या सिलिंडरमध्ये." निपल बंद करून त्यांनी मला पेडल तीन-चार वेळा दाबायला लावलं. चाकं पुन्हा जाम. या वेळी त्यांनी पाय ठेवायच्या फळीखालच्या त्या मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल केला. दोन्ही चाकं एकदम सुटली. "नळी मोकळी आहे. तेल परत यायला तयार आहे, पण वरचं दार बंद आहे."

हे मी वर्गात शिकवते तसंच होतं. एकेक शक्यता काढून टाकत जायचं. अडीच महिने जे कुणालाही सुचलं नव्हतं ते या माणसाने वीस मिनिटांत केलं होतं, आणि मला रडू यायला लागलं. रागाचंच रडू होतं ते.

मिस्त्रींनी मला बोटाने पेडल हलवून बघायला सांगितलं. "अर्धा इंच तरी सैल पाहिजे. आहे का?" नव्हतं. बोट टेकवताच पेडल घट्ट. त्यांनी समजावलं की पाय काढल्यावर तेल परत टाकीत जायला सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडलचा रॉड गरजेपेक्षा लांब केला की आतला दट्ट्या थोडा दाबलेलाच राहतो आणि ते भोक झाकलं जातं. तेल तापतं, फुगतं, जायला जागा नाही. मागचे ब्रेक सैल सोडलेले होते म्हणून पुढच्यांनी आधी धरलं. "पाय नसतानाही पाय ठेवल्यासारखंच," ते म्हणाले.

"पण रॉड लांब होईल कसा?"

"होत नाही. करावा लागतो." त्यांनी बॅटरीचा उजेड खाली टाकला. रॉडवरचा नट चारी बाजूंनी दातांनी चावल्यासारखा झाला होता. "हे गॅरेजवाल्याचं काम नाही. त्याच्याकडे पाना असतो. हा पाइपपान्याने फिरवलाय. विहिरीवर पंप आहे का तुमच्या?"

पंप होता. पाइपपानाही होता. अख्ख्या घरात एकच. तो मामंजींच्या खाटेखाली फडक्यात गुंडाळलेला असायचा. शेजाऱ्याने मागितला तर ते पाना देत नसत, स्वतः पान्याबरोबर जात.

"असं कुणी कशाला करेल?" मी विचारलं.

"पेडल वर यावं म्हणून. नुसता पाय टेकवला की ब्रेक लागावा म्हणून. ज्याला खालपर्यंत दाबता येत नाही तो करतो." मिस्त्रींनी माझ्या पायांकडे पाहिलं. क्षणभर मलाही वाटलं, माझ्या आखूड पायांसाठी मामंजींनी न सांगता केलं असेल, उशी शिवून घेतली तसं. त्या एका क्षणात मी त्यांना सगळं माफ करून टाकलं होतं.

मग आठवलं. आषाढात मामंजी विहिरीच्या पायऱ्यांवर घसरले होते. "काय न्हाई झालं," म्हणाले आणि विषय संपला. त्यानंतर ते जेवायला पाटावर बसेनासे झाले. जमिनीला ओल आहे म्हणून ओट्याच्या कडेला बसायचे, उजवा पाय सरळ सोडून. दर गुरुवारी संध्याकाळी, मी शाळेतून परतल्यावर, जीप घेऊन पुण्याला जायचे ते एकटेच जायला लागले, कुणाला बरोबर घेईनात. त्यांचा गुडघा गेला होता. तो त्यांनी डॉक्टरला दाखवला नाही, मुलासुनेला सांगितला नाही. पाइपपाना घेऊन ब्रेक आपल्या गुडघ्याच्या मापाचा करून घेतला, आणि त्याची फळं मी भोगत होते, भर मंडईत.

मिस्त्रींनी नवीन नट घातला, रॉड मापात आणला, तेल भरून हवा काढली. परतीच्या वाटेवर जीप उतारावर पाण्यासारखी वाहत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र एकेक वाक्य पाठ करत चालले होते. ते घरात, चारचौघांत कसं म्हणायचं, आवाज कुठे चढवायचा, सगळं ठरलं होतं. शेवटी त्यातलं एकही म्हणावं लागलं नाही.

अंगणात आले तर ओट्यावर मामंजींबरोबर आमचे दोन भाऊबंद बसले होते. बांधावरून ज्यांच्याशी वीस वर्षं धुसफूस चाललेली तेच, कसल्याशा मोजणीचं बोलायला आलेले. त्यांच्यासमोर मामंजी खोकलासुद्धा दाबून धरत. हे मला माहीत होतं. मी थांबू शकले असते. चहा होऊन ते दोघे गेल्यावर बोलू शकले असते. मी थांबले नाही. इंजिन चालूच ठेवून मी खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामंजी, ब्रेक नीट करून आणलाय. तुम्ही एकदा चालवून बघा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं, भाऊबंद बघत होते. ते उठले, धोतर सावरलं, चढून बसले. आमच्या अंगणाला फाटकाकडे उतार होता आणि फाटकाशेजारी कडब्याची गंजी. जीप उतारावर निघाली. फाटकापाशी त्यांनी पाय टेकवला, पण टेकवून आता भागणार नव्हतं. पेडल अर्ध्यावर गेलं आणि तिथून पुढे दाबायला त्यांच्या गुडघ्यात काही उरलं नव्हतं. जीप सावकाश जाऊन गंजीत घुसली आणि बंद पडली. त्यांच्या अंगाखांद्यावर कडबा पडला.

"आवो, बिरेक दाबायचा ऱ्हायला व्हय?" भाऊबंदांपैकी थोरला ओरडला, आणि दोघे खदखदून हसले.

मामंजी उतरेनात. मी गेले तेव्हा कळलं, त्यांना उतरता येत नव्हतं. गुडघा अडकला होता. लग्न झाल्यापासून मी त्यांना वाकून नमस्कार करण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. मी खाली वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय पेडलवरून उचलला. गुडघा सुजून दुप्पट झाला होता आणि कढत होता.

"झालं समाधान?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तुम्ही मला एका शब्दाने सांगायचं होतंत, मामंजी. मी तुम्हाला म्हणाल तिथे नेलं असतं."

"सुनंला सांगायचं व्हय, माजा पाय गेला म्हनून?"

"पण गाडी माझ्यामुळे तापत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी मांडीवरचा कडबा झटकला. "मी चालिवली तरीबी तापायची," ते म्हणाले.

म्हणजे ठाऊक होतं. दर गुरुवारी ठाऊक होत होतं. मी त्यांचा पाय हातात धरून उभी होते. "मग माझी नोकरी घालवायला निघाला होतात?" मी विचारलं. मागून आत्याबाई आल्या, त्यांनी गरम पाण्याचं फडकं आणलं होतं. ते गुडघ्यावर कसं आणि कुठे बांधायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. हात सरावाने चालत होते. आषाढापासून त्या रोज ते बांधत असणार, आणि माझ्यासमोर भाकरी थापत गप्प बसल्या होत्या. मला त्या क्षणी त्या घरात एकही माणूस सहन होत नव्हता.

दिवाळीनंतर मी जीपनेच शाळेत गेले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवलं. मामंजी पुन्हा कधी जीपच्या उजव्या बाजूला बसले नाहीत. गुरुवारी मी त्यांना डाव्या बाजूला बसवून पुण्याला न्यायची, आणि आम्ही वाटेत पावसाबद्दल आणि वांग्यांबद्दल बोलायचो. पारावर ते लोकांना सांगत, "सूनबाईवानी गाडी कुनाला येत न्हाई." मला उद्देशून मात्र ते तसं एकदाही म्हणाले नाहीत. त्या पावसाळ्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली नाही. भाऊबंदांसमोर त्यांना गंजीत घातल्याबद्दल मीही त्यांची मागितली नाही. ते गेले तेव्हा मी शाळेत होते. आत्याबाई म्हणाल्या, सकाळपासून दोनदा विचारत होते, जीप आली का म्हणून.